वाचकांचे प्रश्न: सोडियम अडतं आणि टेस्टोस्टेरॉन आरपार जातं, असं का?

मागच्या अंकात पेशीच्या आवरणाबद्दल थोडंसं लिहिलं होतं, त्यावर इतके प्रश्न आले की यावेळचा सगळा कॉलम त्यालाच दिलाय. काही पत्रं मोठी होती ती थोडी कापली आहेत.

प्रश्न : ताई, मी अकरावी सायन्सला आहे. पुस्तकात लिहिलंय की सेल मेंब्रेन (पेशीचं आवरण) सिलेक्टिव्हली परमिएबल असतं, म्हणजे काहींनाच आरपार जाऊ देतं. मी समजत होतो की ते चाळणीसारखं आहे, बारीक असेल ते जातं आणि मोठं अडतं. पण सोडियम तर ग्लुकोजपेक्षा कितीतरी लहान, मग ते का जात नाही? सरांना विचारलं तर म्हणाले चार्ज असतो म्हणून. पण चार्ज असला म्हणून काय झालं?

उत्तर : तुझा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडला, कारण "चार्ज असतो म्हणून" इथे बहुतेक जण थांबतात आणि समजून घेण्यासारखं सगळं त्याच्या पुढे आहे.

आधी चाळणी डोक्यातून काढून टाक. मेंब्रेन म्हणजे लिपिडच्या, म्हणजे चरबीसारख्या रेणूंचे दोन थर, त्यांची पाणी आवडणारी डोकी बाहेरच्या बाजूंना आणि तेलकट शेपट्या मध्ये एकमेकींकडे तोंड करून, सगळं मिळून जाडी साधारण ७-८ नॅनोमीटर. म्हणजे बाहेर पाणी, आत पाणी आणि मध्ये तेलाचा एक पातळ पट्टा. त्यामुळे पहिला प्रश्न साइजचा नसतोच, पहिला प्रश्न असा की हा रेणू पाणी सोडून तेलात शिरायला तयार आहे का.

आता रेणूंची वजनं बघ, डाल्टन या एककात. पाणी १८, सोडियम २३, ग्लुकोज १८०, टेस्टोस्टेरॉन २८८, कॉर्टिसॉल ३६२. चाळणी असती तर सोडियम सुसाट आत गेलं असतं आणि कॉर्टिसॉल बाहेर राहिलं असतं. होतं बरोबर उलटं, ही स्टेरॉइड हार्मोन्स तेलात विरघळतात म्हणून ती मेंब्रेनमधून सरळ आत उतरतात, आणि सोडियमचा वेग नुसत्या लिपिडच्या थरातून पाण्याच्या तुलनेत अब्जपट तरी कमी असतो.

चार्जमुळे होतं काय, तर पाण्याच्या रेणूची ऑक्सिजनकडची बाजू थोडी निगेटिव्ह असते आणि सोडियम पॉझिटिव्ह, त्यामुळे सोडियमभोवती पाण्याचे रेणू घट्ट गोळा होऊन बसतात. तेलात शिरायचं तर हे सगळं पाणी मागे सोडावं लागणार, आणि ते सोडायला जेवढी एनर्जी लागते तेवढी आपल्या शरीराच्या तापमानाला रेणूंच्या नुसत्या हालचालीतून मिळतच नाही. सोडियमला कोणी अडवत नाही रे, त्याला पाणी सोडणं परवडत नाही.

हे माणसाला कळायला लागलं ते १८९० च्या दशकात. ओव्हर्टन नावाच्या शास्त्रज्ञाने वनस्पतींच्या पेशींवर शेकडो पदार्थ टाकून बघितले आणि त्याच्या लक्षात आलं की जो पदार्थ तेलात जास्त विरघळतो तो पेशीत जास्त लवकर शिरतो. मग १९२५ मध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोघांनी लाल रक्तपेशींमधलं लिपिड काढून पाण्यावर एका रेणूच्या जाडीचा थर पसरवला, तर त्याचं क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या जवळपास दुप्पट भरलं, म्हणजे थर दोन असणार. (त्यांचं लिपिड पूर्ण निघालं नव्हतं आणि पेशीचं क्षेत्रफळही त्यांनी कमी धरलं होतं, दोन्ही चुका एकमेकींना खाऊन गेल्या आणि उत्तर बरोबर आलं.)

मग सोडियम, पोटॅशियम कधी आत-बाहेर करतच नाहीत का? करतात, पण प्रोटीनच्या वाटेने. आणि इथे तर साइजचं गणित अजूनच उलटं फिरतं. पोटॅशियम चॅनलमधून, म्हणजे मेंब्रेनमधल्या प्रोटीनच्या बोगद्यातून, सेकंदाला कोट्यवधी पोटॅशियम आयन (चार्ज असलेले अणू) जातात पण सोडियम जवळजवळ नाही, खरं तर सोडियमचा आयन पोटॅशियमपेक्षा लहान! कारण त्या चॅनलच्या सगळ्यात अरुंद भागात ऑक्सिजनचे अणू अशा अंतरावर बसवलेले असतात की पोटॅशियमला आपलं पाणी सोडल्यावर अगदी तसाच आधार लगेच मिळतो. सोडियम लहान पडतो, त्याचा त्या ऑक्सिजनना नीट स्पर्श होत नाही, मग पाणी सोडायचा सौदा त्याला पुन्हा महागात जातो. रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये या चॅनलची रचना दाखवली आणि २००३ मध्ये त्यांना केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. सरांना हे नक्की सांग, त्यांनाही आवडेल.

प्रश्न : मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सलाईन ०.९ टक्केच का, आणि नुसतं डिस्टिल्ड वॉटर शिरेतून का द्यायचं नाही हे पाठ केलंय पण नीट समजलेलं नाही. आणि पाणी प्यायल्यावर मग पेशी का फुटत नाहीत?

उत्तर : पाठ केलेलं पुरत नाही हे तुम्हाला वाटतंय हीच चांगली गोष्ट आहे, वॉर्डात याचा रोज संबंध येणार आहे.

पाणी जिकडे विरघळलेले कण जास्त तिकडे जातं, हे ऑस्मोसिस. लाल रक्तपेशीच्या आत जेवढे कण तेवढेच प्लाझ्मात, म्हणजे रक्तातल्या द्रवात, म्हणून ती शांत असते. तिच्याभोवती डिस्टिल्ड वॉटर आलं की पाणी आत घुसायला लागतं, पेशी फुगते. तिचा आकार दोन्ही बाजूंनी खोलगट असल्यामुळे थोडं फुगणं ती सहन करते, पण मिठाचं प्रमाण साधारण ०.५ टक्क्याच्या खाली जायला लागलं की काही पेशी फुटायला सुरुवात होते आणि ०.३ च्या आसपास जवळपास सगळ्या फुटलेल्या असतात. लॅबमध्ये ऑस्मोटिक फ्रॅजिलिटी टेस्ट करतात ती हीच. शिरेत असं झालं तर आतलं हिमोग्लोबिन रक्तात मोकळं होऊन किडनीला त्रास देतं आणि पेशींमधलं पोटॅशियम बाहेर येऊन हृदयाला. म्हणून लिटरला ९ ग्रॅम मीठ, त्याने कणांची संख्या रक्ताच्या जवळ जाते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा जी परीक्षेत विचारत नाहीत पण पेशंटसाठी महत्त्वाची आहे. ५ टक्के डेक्स्ट्रोज (म्हणजे ग्लुकोजच) बाटलीत असताना रक्ताच्या जवळपासचंच असतं, म्हणून ते दिल्यावर पेशी फुटत नाहीत. पण शरीरात गेल्यावर पेशी ग्लुकोज उचलून वापरून टाकतात आणि मागे उरतं नुसतं पाणी, ते मग पेशींमध्ये शिरतं. म्हणूनच मेंदूला सूज असलेल्या पेशंटला ते टाळतात, आणि गरज पडली तर उलट ३ टक्के सलाईन देतात, जे मेंदूच्या पेशींमधून पाणी बाहेर ओढतं.

पिण्याच्या पाण्याचं म्हणाल तर ते आतड्यातून हळूहळू येतं, येता येता सगळ्या शरीरभर वाटलं जातं आणि जास्तीचं किडनी काढून टाकते. तरी कोणी थोड्या वेळात खूपच पाणी प्यायलं, लांब पळण्याच्या शर्यतीत असं होतं, तर रक्तातलं सोडियम खाली येऊन मेंदूच्या पेशी फुगतात, आणि कवटीत फुगायला जागा नसते. जीव जाऊ शकतो.

आणि हो, पाणी लिपिडमधून थोडं थोडं जातंच, पण किडनीत किंवा लाल पेशीत ज्या वेगाने जातं ते त्याने जमणार नाही. त्याची वाट वेगळी आहे, अ‍ॅक्वापोरिन नावाची प्रोटीन्स. पीटर अ‍ॅग्रे यांच्या टीमने १९९२ मध्ये हे काम दाखवून दिलं, एका अ‍ॅक्वापोरिनमधून सेकंदाला ३ अब्जांच्या आसपास पाण्याचे रेणू एकामागून एक जातात. शरीरात पाणी कमी पडलं की व्हॅसोप्रेसिन हार्मोन किडनीच्या पेशींना सांगतं आणि आत साठवलेली अ‍ॅक्वापोरिन्स मेंब्रेनवर आणून बसवली जातात, लघवी घट्ट होते आणि पाणी वाचतं.

प्रश्न : नमस्कार. माझ्या लहान मुलाला जुलाब झाले तेव्हा डॉक्टरांनी ओआरएस दिलं. जुलाबात पाणी आणि मीठ जातं हे कळतं, पण साखर कशाला? चवीला? आणि ताकद यावी म्हणून साखर थोडी जास्त घातली तर चालेल का?

उत्तर : जास्त साखर अजिबात घालू नका, हे आधीच सांगते. आणि ती चवीसाठी नाहीये, तिच्याशिवाय हे औषध चालणारच नाही.

आतड्याच्या पेशीवर एसजीएलटी-१ नावाचं एक प्रोटीन असतं. ते दोन सोडियम आणि एक ग्लुकोज असं एकत्रच आत घेतं, ग्लुकोज नसेल तर सोडियमही तिथून जात नाही. दोन्ही आत आले की त्यांच्या मागे पाणी येतं. म्हणजे तुम्ही नुसतं मीठपाणी पाजलंत तर जुलाबात त्यातलं फार थोडं शरीरात उतरतं, पण त्यात ग्लुकोज असलं की ही वाट चालू होते.

आता यातली सगळ्यात मोठी गोष्ट. कॉलऱ्यात जंतूंचं विष पेशीतला एक स्विच चालूच ठेवतं, त्यामुळे क्लोराइडचं चॅनल उघडं राहतं, क्लोराइड आतड्यात ओतला जातो, त्याच्या मागे सोडियम आणि त्याच्या मागे पाणी, वाईट केसमध्ये मोठ्या माणसाचं तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. पण हेच विष एसजीएलटी-१ ला हात लावत नाही! बाहेर जाणारी वाट उघडी अडकलेली असतानाही आत येणारी वाट शाबूत असते. सगळं ओआरएस या एका फटीवर उभं आहे, आणि मला विचाराल तर पेशीच्या अभ्यासातून माणसाला मिळालेलं याहून मोठं काही मला तरी माहीत नाही.

ग्लुकोज आणि सोडियम जोडीने जातात ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्रागच्या एका परिषदेत मांडली. त्यानंतर ११ वर्षांनी, १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, कॉलरा पसरला, शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ आणि ग्लुकोजचं पाणी ड्रमात बनवून लोकांना प्यायला द्यायला लावलं, नातेवाईकच ते पेशंटला पाजत होते. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्के होतं ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. त्या माणसाबद्दल आपण किती कमी बोलतो याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता तुमची जास्त साखर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या फॉर्म्युल्यात लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं, शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेट. त्याआधीच्या फॉर्म्युल्यात साखर-मीठ जास्त होतं, ते मुद्दाम कमी केलं. कारण साखर जास्त झाली की ती सगळी आत घेतली जात नाही, आतड्यात उरते आणि तीच उलट शरीरातलं पाणी आतड्यात ओढते, म्हणजे जुलाब वाढतात. म्हणून पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढ्यातच अख्खं पाकीट घाला, कमी नाही जास्त नाही. आणि मूल सुस्त पडलं, लघवी बंद झाली, काही पोटात राहत नसेल तर घरी वाट बघत बसू नका, लगेच डॉक्टर.

प्रश्न : अ‍ॅक्टिव्ह ट्रान्सपोर्टमध्ये, म्हणजे कण जोर लावून उलट्या दिशेने नेताना, एटीपी (पेशीला एनर्जी देणारा रेणू) खर्च होतो असं शिकवतात. पण पेशी सोडियम बाहेर फेकायला एवढा खर्च का करते? राहू दे की आत.

उत्तर : राहू दिलं तर पेशी मरते, आणि फार वेळही लागत नाही.

पेशीच्या आत मोठमोठी प्रोटीन्स आणि इतर निगेटिव्ह चार्जवाले रेणू अडकलेले असतात, ते बाहेर जाऊ शकत नाहीत. त्यांच्यामुळे पाणी सतत आत यायला बघतं. झाडांच्या पेशीला बाहेरून कडक भिंत असते, पाणी आत येतं, दाब वाढतो आणि भिंत तो झेलते. आपल्या पेशींना भिंत नाही. म्हणून आपल्या पेशी मेंब्रेनमधल्या एका प्रोटीनच्या पंपाने सोडियम बाहेर ठेवून बाहेरच्या बाजूला कणांची भर घालतात आणि हिशोब बरोबरीत ठेवतात. स्ट्रोकमध्ये मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा बंद पडला की एटीपी संपतो, पंप थांबतो आणि काही मिनिटांत तिथल्या पेशी फुगायला लागतात.

हा पंप येन्स स्कू यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या पायातल्या नसांमध्ये शोधला. एका एटीपीवर ३ सोडियम बाहेर आणि २ पोटॅशियम आत. त्यामुळे बाहेर सोडियम लिटरला १४५ मिलिमोलच्या आसपास आणि आत १० ते १५, पोटॅशियमचं उलट, आत १४० आणि बाहेर ४ ते ५. चॅनलच्या मानाने हा पंप फार हळू, चॅनलमधून सेकंदाला कोटीच्या हिशोबात आयन जातात आणि पंपाच्या फेऱ्या होतात शेकड्यात, कारण दर फेरीला प्रोटीनला आपला आकार बदलून परत यावं लागतं. तुम्ही नुसते पडून असलात तरी शरीराच्या एनर्जीतला पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त या एका पंपावर जातो, मेंदूत तर निम्म्याच्या आसपास.

आणि तो खर्च वाया जात नाही हे बघा. बाहेर सोडियम साठवून ठेवलं की ते आत यायला आतुर असतं, आणि ते आत येताना त्याच्याबरोबर पेशी बाकीची कामं करून घेते. वर ओआरएसमध्ये ग्लुकोज आत आलं ते यावरच. अमिनो अ‍ॅसिड्स याच्यावर येतात, हृदयाच्या पेशीतून कॅल्शियम याच्यावर बाहेर जातं. नसेतून सिग्नल जातो तोही सोडियम आत घुसल्यामुळेच. हृदयासाठी देतात ते डिगॉक्सिन हा पंप थोडासा दाबतं, मग आत सोडियम वाढतं, त्यामुळे कॅल्शियम बाहेर काढणं कमी होतं, आणि जास्त कॅल्शियमवर हृदय जास्त जोराने आकुंचन पावतं. डोस जरा चुकला तरी धोका का असतो ते आता लक्षात येईल.

प्रश्न : पेशी एवढ्या बारीक का असतात? मोठी पेशी केली असती तर?

उत्तर : डिफ्यूजनमुळे, म्हणजे रेणू आपोआप पसरत जातात त्यामुळे. अंतर दहापट झालं तर वेळ शंभरपट होतो. छोटा रेणू पाण्यात १० मायक्रोमीटर म्हणजे एका पेशीएवढं अंतर सेकंदाच्या विसाव्या भागात कापतो, पण १ मिलिमीटरला ८ मिनिटं लागतात, १ सेंटिमीटरला १४ तास आणि १ मीटरला सोळा वर्षांच्या आसपास. पाठीच्या कण्यापासून पायापर्यंत जाणाऱ्या नसेची पेशी मीटरभर लांब असते, तिला डिफ्यूजनवर बसून चालतच नाही, म्हणून तिच्यात मोटर प्रोटीन्स माल उचलून चालत नेतात.

प्रश्न : मला टाइप २ डायबेटिस आहे. रक्तात साखर भरपूर आणि पेशीला मिळत नाही असं डॉक्टर म्हणाले. जास्त आहे तर ती आपोआप आत का जात नाही? आणि चालण्याने का कमी होते?

उत्तर : तुमचं म्हणणं बरोबर आहे, ग्लुकोज स्नायूत उताराकडेच जातं, त्याला एटीपी लागत नाही. पण ते तेलात शिरत नाही, त्याला ग्लूट-४ नावाचं प्रोटीन मेंब्रेनवर लागतं आणि ते बऱ्याच वेळा पेशीच्या आत छोट्या पिशव्यांमध्ये, म्हणजे व्हेसिकल्समध्ये, बसलेलं असतं. इन्सुलिनचा निरोप आला की या पिशव्या मेंब्रेनला येऊन मिळतात आणि ग्लूट-४ मेंब्रेनवर येतं. टाइप २ मध्ये इन्सुलिन असतं पण निरोप आत नीट पोचत नाही, त्यामुळे बाहेर कितीही साखर असली तरी वाट कमी पडते.

चालण्याचं उत्तर मला फार दिलासा देणारं वाटतं. स्नायू आकुंचन पावले की ग्लूट-४ मेंब्रेनवर आणणारा दुसरा निरोप तयार होतो ज्याला इन्सुलिन लागत नाही. म्हणजे तुमची बिघडलेली वाट बाजूला ठेवून शरीर दुसऱ्या वाटेने तेच काम करतं, आणि व्यायाम थांबवल्यावरही काही तास त्याचा फायदा राहतो. नियमित चाला. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करू नका, चालण्याने साखर खाली येते म्हणूनच हे त्यांना सांगणं गरजेचं आहे.

प्रश्न : कोलॅजनची क्रीम लावल्यावर कोलॅजन पेशीत जातं का?

उत्तर : नाही. कोलॅजनच्या एका रेणूचं वजन ३ लाखांच्या घरात असतं, आणि त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा आणि त्यांच्यामधल्या चरबीचा असतो, त्यातून ५०० च्या वर वजन गेलं की फारसं काही आत उतरत नाही. क्रीमने वरचा थर ओलसर राहतो, मऊ वाटतो, तेवढा फायदा खरा आहे. पण मुळात कोलॅजनची जागा पेशीत नाहीच. फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी त्याचा कच्चा रेणू आत बनवतात, त्याला व्हिटॅमिन सी लागतं, मग तो पिशव्यांमध्ये भरून मेंब्रेनपर्यंत नेतात आणि बाहेर सोडतात, आणि बाहेर आल्यावरच त्याची टोकं कापली जाऊन त्याचे धागे बनतात.